फिरत्या संसाराचा दिवा

घर आणि दिवा ह्या दोन कल्पना आपल्या मनांत इतक्या एकजीव झालेल्या आहेत कीं, एकीवांचून दुसरी सुचतच नाहीं. तिन्हीसांजेस ज्या घरांत दिवा लागला नाहीं तें घर ओसाड समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पुत्रास वंशाचा दिवा म्हणतात, देवापुढें दिवा लावतात, आणि माणूस गेल्यावर त्याच्या जागींही दिवाच ठेवतात. परंतु ह्या साऱ्या आचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, घर आपल्या जागीं आहे. ज्याचें घरच वर्षांतून पांच-सहा महिने चाकांवर असतें, ह्या महिन्यांत एका शिवारांत तर पुढच्या महिन्यांत दुसऱ्या शिवारांत उभें राहतें, त्यानें दिवा कोणता लावावा? बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांस समोर ठेवून ह्या प्रश्नाचा विचार करावा, आणि सूर्यतेजापासून निघणाऱ्या विजेनें त्याचें उत्तर कितपत दिलें आहे तें पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या प्रश्नाला एक हौशी बाजूही आहे. इंग्लंडांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स ह्या गृहस्थानें १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांनीं ओढावयाची घरगाडी करवून घेतली आणि तींत राहून देशपर्यटन केलें. निव्वळ आनंदासाठीं घर चाकांवर चढविण्याच्या प्रथेचा उगम सामान्यतः तेथें मानतात. आज मोटारीमागें जोडावयाच्या अशा लहान घरगाड्या पाश्चात्य देशांत विपुल आहेत, व आपल्याकडेही त्यांची हौस उमलूं लागली आहे. अशा गाडीच्या छपरावर शंभर-दोनशें वॉटांची सोलर प्लेट बसवावी, खालीं बॅटरी ठेवावी आणि तिच्यावर दिवे, पंखा व लहानसा फ्रीज चालवावा, ही युक्ति आतां सर्वपरिचित झाली आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी ह्यांनीं तर २०२० च्या नोव्हेंबरांत एका बसगाडींतच घर मांडून, त्या घरापुरती वीज छपरावरील प्लेटांतून मिळवीत, देशभर यात्रा आरंभिली. हे प्रयत्न कौतुकास्पद आहेत ह्यांत शंका नाहीं. परंतु हौसेच्या प्रवाशास दिवा विझला तर एका रात्रीची गैरसोय होते. पोटासाठीं निघालेल्या कुटुंबाचा दिवा विझला तर त्याचे परिणाम निराळे असतात. गणित मात्र दोघांचें एकच आहे, आणि तें चुकलें तर ज्याच्या गांठीं पैका कमी त्याचेंच नुकसान अधिक.

बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर आणि तिच्या दोहों अंगांस पसरलेला आहे. उत्तरेस गोदावरीच्या कांठीं गेवराई-माजलगांवची काळी, कसदार जमीन. तर आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज ह्या बाजूस मुरमाड माळ आणि हलकी रानें. पश्चिमेकडून येणाऱ्या मेघांनीं आपलें बहुतेक पाणी सह्याद्रीवरच रितें केलेलें असतें. बालाघाटापर्यंत पोंचतां पोंचतां त्यांच्या हातीं थोडेंच उरतें. अशा प्रदेशांतील माणसास फिरणें नवें नाहीं. दख्खनच्या मोहिमांत मोगल, निजाम व मराठे ह्या सर्वांच्या सैन्यांस धान्य पुरविणारे लमाणांचे तांडे ह्याच मुलुखांतून बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जात-येत असत. त्या तांड्यांस निराळा दिवा वाहून नेण्याचें कारण थोडें पडे. वाटेंत सरपण मिळे, मुक्कामाच्या जागीं चूल पेटे, आणि चुलीचा जाळ हाच त्यांचा दिवा असे. पुढें आगगाडी व सडका आल्या, लमाणांचा व्यापार बसला, आणि फिरण्याचें कारण पालटलें. फिरणें मात्र थांबलें नाहीं.

तें नवें कारण म्हणजे ऊस. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि नगर जिल्ह्यांत कालव्यांच्या पाण्यावर उसाचे मळे डोलूं लागले. १९३२ सालीं साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें व खाजगी कारखाने वाढले. १९५० सालीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या पावलांवर पाऊल टाकून पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची मालिकाच निर्माण झाली. ऊस लावण्यास पाणी लागतें; तो तोडण्यास माणसें लागतात. पाणी एका मुलुखांत होतें, कामास मोकळीं असलेलीं माणसें दुसऱ्या मुलुखांत होतीं. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांतून १९४८ सालीं नुकतेंच मुक्त झालेलें. तेथें ना कालवे होते, ना कारखाने. १९७२ च्या दुष्काळानें उरलासुरला आधारही मोडला, आणि उसाच्या वाटेनें जाणाऱ्यांचा ओघ अतोनात वाढला. आज प्रतिवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणें, सोलापूर ह्या बाजूस, तशींच कर्नाटकांतही, ऊस तोडावयास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ ह्या जोडीनें हंगामभर फेडावयाची असते.

ह्या प्रवासाचें दृश्य ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तें विसरतां येणार नाहीं. पूर्वीं बैलगाडींत व आतां बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत धान्याचीं पोतीं, भांडीं, पाण्याची टांकी, अंथरूण-पांघरूण, शेळ्या, कोंबड्या, लेंकरें आणि म्हातारीं माणसें, असा सगळा संसार रचलेला असतो. फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर पोंचल्यावर बांबूच्या कामट्या वांकवून, त्यांवर चटया व मेणकापड घालून ‘कोपी’ उभी करतात. उंची बेताची, दार एकच, खिडकी नाहीं. ह्या घरांत दिवसा कोणी नसतें. जें काय राहणें तें रात्रींचें. बाई पहाटे तीन-चारला उठून अंधारांतच भाकऱ्या थापते, कारण उजाडण्यापूर्वीं फड गांठावयाचा असतो. संध्याकाळीं परतल्यावर पुन्हा चूल. आणि वाहन रात्रीं उशिरां आलें तर डोक्यावर मोळ्या वाहून तें अंधारांतच भरावयाचें. म्हणजे ज्या वर्गाचा बहुतेक गृहव्यवहार अंधारांतच चालतो, त्याच वर्गाच्या घरीं दिव्याची सर्वांत अधिक टंचाई. फडांत सर्प असतात, विंचू असतात. कोपींत प्रसंगीं बाळंतपणेंही होतात. दिवा ही तेथें शोभेची वस्तु नव्हे.

हा दिवा आजवर कोणता होता? प्रथम चिमणी. पत्र्याच्या डब्याला किंवा बाटलीला भोंक पाडून, चिंधीची वात घालून, रॉकेल भरलें कीं चिमणी झाली. तिचा उजेड हातभर आणि धूर खोलीभर. कोपीच्या चटया आणि भोंवतालचें वाळलें पाचट ह्यांच्यामध्यें तिची उघडी ज्योत म्हणजे विस्तवाशीं नित्याचा खेळ. तिच्याहून बरा कंदील. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस ओगले बंधूंच्या कांचकारखान्यांत तयार झालेला ‘प्रभाकर’ कंदील गेल्या शतकांत महाराष्ट्रांतील घराघरांतून टांगलेला असे. प्रभाकर म्हणजे सूर्य. ज्या ऊसपट्ट्यांत बीडचीं माणसें आज जातात, त्याच पट्ट्यांत जन्मलेल्या रॉकेलच्या दिव्यानें सूर्याचें नांव धारण करावें, हा योगायोग आज वाचतांना मौजेचा वाटतो. कंदिलास वारा लागत नसे व तो हातांत धरून चालतां येई. फिरत्या माणसाचा तो खरा सोबती होता. परंतु कांच फुटली कीं कंदील निकामी, आणि रॉकेल संपलें कीं दोन्ही निकामी. स्वस्त रॉकेल रेशनकार्डावर मिळे आणि कार्ड गांवच्या दुकानाशीं बांधलेलें असे. गांव सोडलें कीं तेंच रॉकेल परक्या बाजारांत चढ्या भावानें घ्यावें लागे. विजेरीचे सेल ह्याहून महाग. एकंदरीत, फिरत्या माणसाला दिवा नेतां येई, पण दिव्याचें अन्न नेतां येत नसे. त्याच्या अंधाराचें मूळ येथें आहे.

विजेनें हें चित्र पालटेल अशी अपेक्षा होती. बीड जिल्ह्यांतच, परळी वैजनाथास, औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ सालीं सुरू झाला. पुढें १९८० ते १९८७ च्या दरम्यान दोनशें दहा मेगावॉटांचे तीन मोठे संच तेथें उभे राहिले. ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्रीं नव्या युगाची ज्योत पेटली, असें कोणासही वाटावें. परंतु ह्या घटनेची सांगड दुसऱ्या घटनेशीं घालून पाहिली पाहिजे. १९७१ सालीं परळीस वीज निर्माण होऊं लागली, आणि पुढच्याच वर्षीं दुष्काळानें त्याच जिल्ह्यांतील माणसें कोयता घेऊन बाहेर पडलीं. तार घरोघर पोंचली तेव्हां त्या घराला हिवाळाभर कुलूप होतें. २०१७ सालीं केंद्र सरकारनें ‘सौभाग्य’ योजना काढून प्रत्येक घरास वीजजोडणी देण्याचा उपक्रम हातीं घेतला, तोही स्तुत्यच होता. पण जोडणी घराला मिळते, माणसाला नव्हे. वीजमंडळाच्या वहींत ग्राहकाला पत्ता लागतो, आणि कोपीला पत्ता नसतो. २०१३ सालीं तर पाण्याच्या दुर्भिक्षामुळें परळीचें केंद्रच बंद ठेवावें लागलें. ज्या अवर्षणानें माणसें गांवाबाहेर काढलीं, त्यानेंच वीजही विझविली.

आतां सूर्याकडे वळूं. उजेड पडल्यानें विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो हें फ्रान्सांतील एडमंड बेकरेल ह्यास १८३९ सालींच दिसून आलें होतें. १८८३ सालीं अमेरिकेंत चार्ल्स फ्रिट्स ह्यानें सेलेनियमचे घट केले, पण त्यांतून मिळणारी शक्ति शेंकडा एकाच्या आसपास. ती केवळ कौतुकापुरती. खरी क्रांति झाली १९५४ सालीं. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्या तिघां संशोधकांनीं वाळूपासून मिळणाऱ्या सिलिकॉनचा घट बनविला आणि पडलेल्या सूर्यतेजाचा सुमारें सहा टक्के भाग विजेंत उतरविला. ह्या शोधाचें निमित्त लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दूरच्या व दमट प्रदेशांत टेलिफोनच्या यंत्रांस लागणारे कोरडे सेल लवकर खराब होत. त्यांस पर्याय हवा होता. म्हणजे हें शास्त्र तारेशीं स्पर्धा करावयास जन्मलें नाहीं. जेथें तार व सेल दोन्ही निरुपयोगी ठरतात, तेथल्या गरजेंतून तें जन्मलें. चारच वर्षांनीं, १९५८ च्या मार्चांत, ‘व्हॅनगार्ड-१’ हा उपग्रह आकाशांत गेला. त्याच्यावर दोन प्रक्षेपक होते. साध्या बॅटरीवरचा जूनमध्येंच मुका झाला. सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. ज्याला परत गांवीं येऊन बॅटरी पालटणें शक्य नाहीं, अशा ह्या प्रवाशाला सूर्यानेंच तारलें. आपल्या देशांत साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ह्या १९७४ सालीं स्थापन झालेल्या सरकारी संस्थेनें १९७७-७८ च्या सुमारास पहिले सौर घट व पहिली प्लेट तयार केली, आणि २०१० सालीं राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाल्यावर हा माल हळूहळू सामान्यांच्या आवाक्यांत आला.

तथापि केवळ प्लेट स्वस्त झाल्यानें गरिबाच्या घरीं दिवा लागला नसता. खरा उपकार दिव्यानेंच केला. साठ वॉटांचा जुना काचेचा गोळा जेवढा उजेड देतो तेवढा आतां सात-आठ वॉटांच्या एल. ई. डी. दिव्यांतून मिळतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभीं अकासाकी, अमानो व नाकामुरा ह्या जपानी शास्त्रज्ञांच्या परिश्रमानें निळा उजेड देणारा असा दिवा साधला, त्यावरून पुढें पांढरा. ह्या कार्याबद्दल त्यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिसरें अंग बॅटरीचें. शिशाची बॅटरी फ्रान्सच्या प्लांटे ह्यानें १८५९ सालीं काढली आणि ती आजही मोटारींत असते. लिथियमच्या बॅटऱ्या १९९१ पासून बाजारांत आल्या, आणि त्यांतील लोह-फॉस्फेटची जात तिच्या टिकाऊपणामुळें अशा कामास विशेष मानवली. दिवा हलका झाला म्हणून बॅटरी लहान पुरली, बॅटरी लहान झाली म्हणून प्लेटही लहान पुरली. हा क्रम उलटा धरणें हीच निवडींतील पहिली चूक होय. बाजारांत गेलेला मनुष्य प्रथम ‘प्लेट किती वॉटांची?’ असें विचारतो. त्यानें प्रथम आपली रात्र मोजली पाहिजे.

ती मोजून पाहूं. कोपींत तीन वॉटांचा एक दिवा संध्याकाळीं तीन तास व पहाटे दोन तास जळला, तर तीन पंचे पंधरा वॉट-तास झाले. दाराबाहेर जनावरांजवळ दीड वॉटाचा बारीक दिवा रात्रभर दहा तास ठेवला, तर आणखी पंधरा. घरांत दोन मोबाईल असतील व ते रोज पूर्ण भरावयाचे, तर प्रत्येकीं सुमारें वीस धरून चाळीस. एकूण सत्तर वॉट-तास. घरगुती विजेचें एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. अर्थात् ह्या कुटुंबाची रोजची गरज एका युनिटाच्या चौदाव्या हिश्शाएवढी आहे. शहरांतील एखादें कुटुंब जेवढी वीज एका दुपारीं सहज खर्चितें, तेवढींत ह्या संसाराचे पंधरवडे निघतील. उसाच्या हंगामांत, म्हणजे कार्तिकापासून चैत्रापर्यंत, आकाश बहुधा स्वच्छ असतें आणि पूर्ण प्रखर उन्हाचे सुमारें पांच तास रोज पदरांत पडतात. सत्तरास पांचांनीं भागिलें तर चौदा वॉट. तारेंत, बॅटरींत व उष्णतेनें होणारी घट धरून तेवीस-चोवीस. धूळ, ढग व कारखान्याच्या धुराड्यांतून उडणारी काजळी जमेस धरून चाळीस वॉटांची प्लेट पुरेशी आहे. ही दोन-सव्वादोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि वजनानें तीन-चार किलोंची असते. एका बाईस ती सहज उचलतां येते.

बॅटरी दोन रात्रींच्या हिशेबानें, म्हणजे एकशें चाळीस वॉट-तासांची, धरावी. एखादा दिवस ढगाळ गेला तरी अंधार होऊं नये. शिशाच्या बॅटरीचा निम्माच भाग रोज वापरावा, नाहींतर ती लवकर मरते. म्हणून ती बारा व्होल्टची, चोवीस-पंचवीस अँपिअर-तासांची घ्यावी लागेल, व तिचें वजन आठ किलोंच्या घरांत जाईल. लोह-फॉस्फेटची बॅटरी बरीच खोलवर वापरतां येते. ती चौदा-पंधरा अँपिअर-तासांची पुरते व दोन किलोंच्या आसपास भरते. तिची पहिली किंमत अधिक, पण ती कित्येक पट अधिक वेळां भरतां व रिकामी करतां येते. शिशाची बॅटरी पावसाळ्यांत कोपऱ्यांत रिकामी पडून राहिली तर आंतल्या आंत कुजते. ह्यासाठीं गांवीं परतल्यावरही ती नित्य भरीत राहिलें पाहिजे. ज्याचें घर वर्षांतून दोनदां उठतें, त्यानें वजनाचा व निष्काळजीपणा सोसण्याचा विचार किंमतीच्या आधीं करावा, असें आमचें मत आहे. ह्या दोहोंच्या मध्यें चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरीला अति भरूं देत नाहीं व अति रिती होऊं देत नाहीं. इतक्या लहान प्लेटेस साधा कंट्रोलर पुरे. इन्व्हर्टर मात्र घेऊं नये. तो दिवा नसतांनाही थोडी वीज खातो. आणि बारा व्होल्टवर थेट चालणारे दिवे व मोबाईलचे चार्जर सुलभ असतां त्याचें प्रयोजन राहत नाहीं.

पंख्याचा मोह मार्चपासून पडतो, आणि तो खोटाही नाहीं. पण बारा वॉटांचा लहान पंखा सहा तास फिरला तर बहात्तर वॉट-तास जातात. म्हणजे एक पंखा आणि बाकी सारें घर ह्यांचा खर्च जवळजवळ समान. पंखा हवा असल्यास प्लेट व बॅटरी दोन्ही दुप्पट केलीं पाहिजेत. आहे त्याच संचास पंखा लावला तर पहाटे भाकरीच्या वेळीं दिवा विझेल. तेव्हां पंखा फिरला हें सुख कोणाचें आणि दिवा विझला हें दुःख कोणाचें, ह्याचा विचार घरांतील पुरुषांनीं करावा.

प्लेट कोठें ठेवावी हाही विचार हौसेच्या घरगाडीहून येथें निराळा आहे. हौसेच्या गाडींत ती छपरास पक्की बसवितात. येथें जी ट्रॉली घर घेऊन आली तीच दुसऱ्या दिवसापासून ऊस घेऊन कारखान्यास जाते. तिच्यावर प्लेट बसविणें म्हणजे घराचा दिवा दुसऱ्याच्या गाडीवर पाठविणें. कोपीचें छप्पर प्लेटेचा भार सोसण्याइतकें बळकट नसतें. म्हणून दारासमोर रोंवलेल्या बांबूस किंवा मांडवीस, दक्षिणेकडे तोंड करून, तीसेक अंशांच्या कलानें ती बांधावी. सतराव्या-अठराव्या अक्षांशावर मार्गशीर्ष-पौषांत सूर्य मध्यान्हींदेखील क्षितिजापासून पन्नास अंशांच्याच सुमारास असतो. प्लेट आडवी ठेविली तर भर दुपारींही चवथाईच्या जवळपास तेज वायां जातें. उसाच्या भिंतीपासून ती दूर हवी. प्लेटेंतील छत्तीस घट एकामागून एक असे माळेंत ओंवलेले असतात. त्यांतील थोड्यांवर सांवली पडली तरी साऱ्या माळेचा प्रवाह मंदावतो. रोज एकदां ओल्या फडक्यानें तिच्यावरील काजळी पुसणें हें उदबत्तीइतकेंच नित्यकर्म समजावें.

एक अडचण मात्र गणितानें सुटत नाहीं. प्लेटेला ऊन हवें दिवसा, आणि दिवसा तळावर माणूस नसतें. उघड्यावर टांगलेली वस्तु राखावयाची कोणी? बऱ्याचदां हें काम मागें राहणाऱ्या पोरांवर, विशेषतः मुलींवर, येतें. आणि दिव्याच्या राखणीसाठीं मुलीची शाळा बुडावी हें तर अगदींच विपरीत होईल. मुंबईच्या आय. आय. टी.नें २०१४ च्या सुमारास ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीं सौर अभ्यासदिव्यांची मोठी योजना राबविली, तींत महाराष्ट्रही होता. अभ्यासासाठीं दिवा ही कल्पना उत्तम. पण जें मूल सहा महिने शाळेच्या गांवींच नसतें, त्याच्याबरोबर दिवा आणि शिक्षक दोघांनींही प्रवास केला पाहिजे. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, दहा-पंधरा कोप्यांच्या तळानें मिळून मोठी प्लेट एका ठिकाणीं ठेवावी, एखाद्या वृद्ध माणसाकडे तिची राखण मोबदला देऊन सोंपवावी, आणि बॅटरी व दिवा मात्र ज्याचा त्याच्या घरीं असावा. राखण समाईक, उजेड स्वतंत्र, असा हा मध्यम मार्ग आहे. जे तळ कारखान्याच्या आवारास लागूनच आहेत तेथें सूर्याचा आग्रहही नको; तेथें तार ओढून देणें हेंच सोपें व योग्य.

शेवटचा प्रश्न पैशाचा. हा संच कामगारानें उचलींतून घ्यावा असें कोणी सुचवील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. उचल म्हणजे कर्ज. आणि कर्ज वाढलें कीं पुढच्या हंगामाचें स्वातंत्र्य तितकें कमी झालें. दिव्यासाठीं माणूस गहाण पडूं नये. येथें एक वस्तुस्थिति सांगणें अवश्य आहे. आज महाराष्ट्रांतील अनेक साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण करतात, स्वतःची गरज भागवून उरलेली विकतात, आणि त्या उत्पन्नावर आपला ताळेबंद सावरतात. तें चिपाड ज्या उसाचें, तो ऊस पहाटेच्या अंधारांत तोडलेला असतो. प्रतिकुटुंब रोजचा युनिटाचा चौदावा हिस्सा, ही कारखान्यानें करावयाची मेहेरबानी नव्हे. तो मजुरीचाच एक राहून गेलेला भाग आहे. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवानें राज्यांत ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालें आहे, आणि गाळपाच्या टनामागें कारखान्यांकडून त्यासाठीं रक्कम घेण्याची योजना आहे. वसतिगृहांबरोबर अशा फिरत्या दिव्याचाही त्या महामंडळाच्या कार्यांत समावेश व्हावा. संच देतांना तो कामगार बाईच्या नांवें द्यावा, त्याची दुरुस्ति गांवीं व ऊसपट्ट्यांत दोन्ही ठिकाणीं व्हावी, आणि बॅटरी पालटण्याजोगी असावी. नाहींतर दोन वर्षांनीं बंद दिव्यांचे ढीग तेवढे उरतील, आणि ‘सोलर कांहीं टिकत नाहीं’ असा समज त्यांच्याबरोबर गांवोगांव पसरेल.

ऊस तोडणारीं यंत्रें आतां फडांत उतरूं लागलीं आहेत. कदाचित् एके दिवशीं हा प्रवासच थांबेल. तो थांबावा, आणि बालाघाटावरच ह्या माणसांस काम व पाणी मिळावें, अशीच कोणाचीही इच्छा असेल. परंतु तो दिवस उजाडेपर्यंत ज्या रात्री जावयाच्या आहेत त्यांचा विचार पुढें ढकलतां येत नाहीं. दसरा दरसाल येतो आणि गाड्या दरसाल भरल्या जातात. त्या गाडींत पोत्यांच्या व भांड्यांच्या शेजारीं एक हातभर प्लेट, एक लहान बॅटरी आणि दोन दिवे ठेवावयास जागा पुष्कळ आहे.